नासपतीची रदबदली

आमच्या धंद्यात दोन माणसं लागतात, एक वर आणि एक खाली. वरचा वल्को, माझा नवरा. खालची मी. लोकांना फक्त वरचा दिसतो. तो दोराला लटकून फांद्या उतरवत असतो, अंगणातली सगळी मंडळी माना वर करून बघतात, मोबाईलवर फोटो काढतात. खाली दोर धरून एक बाई उभी आहे, तिच्या केसांत भुसा भरलाय आणि ती तोंडातल्या तोंडात शिव्या देतेय, हे कुणाच्या फोटोत येत नाही. न येवो. त्याचं मला काही दुःख नाही.

आमच्या त्रोयान गावात आणि आसपासच्या वाड्यांत उंच झाडाचं काम निघालं की लोक वल्कोला फोन करतात, आणि फोन मी उचलते. कौलांवर झुकलेला अक्रोड, विजेच्या तारांत शिरलेलं पॉप्लर, आतून पोकळ झालेलं एखादं जुनं झाड. झाड एकदम आडवं पाडायला जागा नसते तिथे ते वरून खाली तुकड्यातुकड्यांनी उतरवावं लागतं. आधी वल्को छर्ऱ्यांनी भरलेली मुठीएवढी पिशवी बारीक दोरीला बांधून फांदीवरून पलीकडे भिरकावतो. त्या दोरीमागून मोठा दोर ओढून घ्यायचा. मग कमरेला आणि मांड्यांना पट्टा, पट्ट्याला कडी, कडीला दोर. शिवाय खोडाभोवती टाकायला एक आखूड दोर, त्याच्या पोटात तार असते, करवत चुकून फिरली तर तुटू नये म्हणून. कमरेला हातकरवत, आणि बाजूला लोंबणारी लहान मशीन, म्हणजे इंजिनावर चालणारी करवत. एवढं अंगावर चढवलं की आमचा वल्को घंटा बांधलेल्या सोंगासारखा दिसतो आणि तसाच वाजतो.

फांदी कापण्याआधी तो वरून ओरडतो, "तोडू का?" मी खाली नजर फिरवते. माणूस नाही ना, कुत्रं नाही ना, तार, छप्पर, कुणाची गाडी. सगळं मोकळं असलं की मी ओरडते, "तोड!" माझा शब्द आल्याशिवाय त्याने आजवर एकही फांदी कापलेली नाही. आमचं भांडण झालेलं असो, घरात अबोला असो, हे शब्द बोलावेच लागतात. कितीतरी वेळा आमचा अबोला सुटलाय तो अशाच कुणाच्यातरी झाडाखाली.

संध्याकाळी दोर तपासायचं कामही माझंच. दोर डोळ्यांनी तपासत नाहीत, डोळे पटकन फसतात. हातमोजे काढायचे आणि दोर या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांमधून जाऊ द्यायचा. कुठे फुगलाय, कुठे कडक झालाय, कुठे धागा उठलाय, ते बोटांना कळतं. मी हे स्वयंपाकघरात शेगडीजवळ बसून करते, टीव्ही चालू ठेवून.

ऑक्टोबरात चर्चच्या आवारातल्या ओकचं काम उरकून आलो, त्या संध्याकाळी माझी बोटं मध्येच थांबली. निळ्या दोराला वरच्या टोकाकडे एक चीर होती. सुरीने पाव कापावा तशी स्वच्छ. दोराची जवळजवळ अर्धी जाडी गेली होती आणि त्याच दोरावर वल्को दुपारभर लटकत होता.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"फांदीला घासला असेल."

"फांदीला घासला की दोर केसाळतो. हा कापलाय, वल्को. करवतीने."

"मग लागली असेल करवत."

"आणि तुला कळलं नाही?"

तो मिरच्यांच्या लोणच्याची बरणी उघडायला बघत होता. झाकण फिरत नव्हतं. त्याने दोनदा जोर केला, मग बरणी परत कपाटात ठेवली आणि म्हणाला, की तशीही मला फारशी भूक नाही.

त्याच्या बोटांचं मला ठाऊक होतं. मला ठाऊक नाही असं त्याला वाटायचं, एवढंच. उभं आयुष्य मशीन हातात धरली की तिची थरथर बोटांत मुरते. थंडी पडली की बोटं मेणासारखी पांढरी होतात, आधी टोकं, मग पेरं, आणि मग त्यांना काही म्हणजे काही कळत नाही. डॉक्टरीणबाईंनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं, की गेलेली जाण परत येत नाही, उरलेली सांभाळायची तर मशीन सोडा आणि थंडीत हात घालू नका. बाहेर येऊन वल्को मला म्हणाला, "जीवनसत्त्वं घ्यायला सांगितलीत." मी दाराशीच बसले होते आणि ते दार काही फार जाड नव्हतं.

जखमी दोर आमच्यात ठेवत नाहीत. घाईत कुणीतरी चुकून उचलतो आणि जिवावर बेततं, म्हणून तो तोडून टाकायचा असा नियम आहे. त्या रात्री जेवण न करताच वल्को मागच्या खोपटात गेला आणि निळ्या दोराचे कुऱ्हाडीने तुकडे करून आला. मला वाटलं, सुटलो. उतरला हा एकदाचा खाली.

पुढच्याच आठवड्यात कुरिअरवाला नवा दोर घेऊन आला. नारिंगी, चकचकीत. वल्कोने त्याचा वास घेतला, गालाला लावला, खिडकीशी नेऊन उजेडात धरला. मला त्या दोराचा राग आला, सवतीचा यावा तसा.

"म्हणजे तू चढणार?"

"मग काय करू? कोंबड्या पाळू?"

"जमिनीवरची कामं काय थोडी आहेत? आलुबुखाऱ्यांच्या बागा छाटायला माणूस मिळत नाही लोकांना. खोडं उकरायची आहेत, सरपण फोडायचंय."

"ती म्हाताऱ्यांची कामं."

"आणि तू कोण? नवरदेव?"

तो हसला नाही. "मला वर चढता येतं, त्सोना," तो म्हणाला. "दुसरं मला काहीही येत नाही." हे तो खरं बोलला होता, त्यामुळे मला पुढे भांडता येईना.

मग मी काय केलं, तर त्याला मदत केली. चढण्याआधी खालच्या माणसाने वरच्याचे पट्टे तपासायचे असतात, ही रीतच आहे. मी "थांब, तपासते" म्हणायची आणि त्याच्या सगळ्या कड्या मीच लावून द्यायची. तो तेवढा वेळ आभाळाकडे बघत राहायचा, जणू पावसाचा अंदाज घेतोय. कड्यांना एक फिरतं बोंड असतं. ते वर ढकलून पिळायचं, तेव्हा कडी उघडते, आणि सोडलं की पुरतं खाली बसलं पाहिजे. त्याच्या बोटांना ते आता जमत नव्हतं, आणि बसलं की नाही हेही कळत नव्हतं. ज्यांचं झाड ते विचारायचे, "एवढ्या गारठ्यात चढतील ना हे?" त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी म्हणायची, "चढेल हो, न चढायला काय झालंय!"

आणि मग खाली जीव मुठीत धरून उभी राहायची. वरून "तोडू का?" ऐकू आलं की बरं वाटायचं, आहे म्हणजे अजून वर. एक दिवस माझ्या डोळ्यांदेखत हा माणूस पडणार, हे मला लख्ख दिसत होतं. तरी रोज मीच त्याची कडी लावून त्याला वर पाठवत होते.

नाताळच्या आदल्या दिवशी आम्ही काम घेत नाही. त्या दिवशी उपास असतो आणि स्वयंपाकाचा पसारा मोठा. घेवडा शिजत होता, भात भरलेल्या कोबीच्या गुंडाळ्या पातेल्यात लावून झाल्या होत्या, या जेवणाला पदार्थ विषम लागतात आणि माझे सम होत होते, म्हणून मी अजून एक काय करावं याचा विचार करत होते, आणि फोन वाजला. वरच्या वाडीची नेदा आजी.

"वल्को आहे का? त्याला घेऊन ये. सगळं सामान आणा. मशीन, दोर, ते पायाला बांधायचे काटे, सगळं."

"आजी, आज? झाड पडलंय का कुठे?"

"पडलं असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?" असं म्हणून तिने फोन ठेवला.

वल्को लगेच उठला. स्वयंपाकघरात त्याला काही काम नव्हतं आणि नवा दोर दोन आठवडे नुसता पडून होता. व्हॅन काढली आणि निघालो. रस्त्यावर बर्फ थोडंच होतं, पण ऊन आलं तरी गारठा हलत नव्हता.

नेदा आजीच्या अंगणात मागच्या बाजूला कोंबड्यांचं खुराडं, त्याच्याजवळ लाकडं फोडायचा ओंडका, ओंडक्यावर कुऱ्हाड, आणि त्यामागे तिचं नासपतीचं झाड. उंच, काळं, मस्त पसरलेलं. कुंपणापलीकडे शेजारचा दोचो हातात राकियाचा, म्हणजे फळांच्या घरगुती दारूचा, पेला घेऊन उभा होता. उपासाला मांस चालत नाही, राकिया चालते.

"कुठलं झाड तोडायचंय, आजी?" वल्कोने विचारलं.

"तोडायचं कोण म्हणालं? घाबरवायचंय."

वल्कोने माझ्याकडे पाहिलं. मी आजीकडे पाहिलं. आजीच्या चेहऱ्यावर एक रेषाही हलली नाही.

आता हे आमच्याकडे सगळेच करतात, म्हणजे ज्यांच्याकडे अजून झाडं आहेत ते. या दिवशी, संध्याकाळच्या जेवणाला बसण्याआधी, फळ न देणाऱ्या झाडापुढे एकाने कुऱ्हाड उगारून उभं राहायचं आणि विचारायचं, तोडू का? दुसऱ्याने झाडाची रदबदली करायची, नको तोडू, यंदा देईल. असं तीनदा. झाड ऐकतं, भितं आणि पुढच्या वर्षी फळतं. नेदा आजीकडे कुऱ्हाड उगारायचं काम तिच्या नवऱ्याचं, लाल्योचं होतं. तो गेला त्याला दोन हिवाळे झाले.

"गेल्या वर्षी मीच कुऱ्हाड उचलली आणि मीच रदबदली केली," आजी म्हणाली. "झाड काय मूर्ख आहे? म्हटलं यंदा खरा कसाई आणावा. घाल बाबा ते सगळं अंगावर. हेल्मेटसुद्धा."

वल्को हसला. ऑक्टोबरनंतर मी त्याला पहिल्यांदा असं मोकळं हसताना पाहिलं. त्याने खरोखरच सगळं अंगावर चढवलं, हेल्मेटची जाळी खाली ओढली आणि काटे खणखणवत झाडापुढे जाऊन उभा राहिला.

"झाडाचं माहीत नाही," दोचो कुंपणावरून म्हणाला, "माझी मेंढी मात्र घाबरली."

"तू गप रे! तुझी मेंढी तुझ्या बायकोला बघूनही घाबरते," आजी म्हणाली. "हं वल्को, आधी मशीन लाव."

मशीन सुरू झाली तशा कोंबड्या खुराड्यात उधळल्या. दोन मिनिटं तो आवाज करून झाला आणि आजी हात हलवत ओरडायला लागली, की बंद कर, बंद कर, आता त्याला तू बोललेलं ऐकू कसं जाणार! वल्कोने मशीन बंद केली, ओंडक्यावरची कुऱ्हाड घेतली आणि दोन्ही हातांनी डोक्यावर उगारली.

"इतकी वर्षं खातोस, पितोस, फळ देत नाहीस!" तो झाडावर गरजला. "तोडू का?"

मी त्याच्या मागे उभी होते. नजर आपोआप फिरली. दोचो कुंपणापलीकडे होता, आजी बाजूला, कोंबड्या आत. सगळं मोकळं होतं.

"तोड!" मी म्हटलं.

वल्कोचे हातही माझ्या जिभेइतकेच सवयीचे. कुऱ्हाड खाली आली. शेवटच्या क्षणी त्याच्या लक्षात आलं, त्याने ती वळवली आणि खोडावरचा सालीचा एक टवका तेवढा उडाला.

"अगं भवाने!" आजी किंचाळली. तिने छातीवर तीनदा क्रॉसची खूण केली. "काय बोललीस? त्याने ऐकलं की!"

दोचोला एवढं हसू आलं, की त्याची राकिया बर्फात सांडली आणि मग तो सांडलेल्या राकियासाठी हळहळायला लागला. मी तोंडावर हात धरून उभी होते. वल्को हेल्मेटच्या जाळीमागे खांदे हलवून हसत होता.

सगळं परत पहिल्यापासून करावं लागलं. मला लांब, खुराड्याशी उभं केलं. वल्कोने तीनदा कुऱ्हाड उगारली आणि तिन्ही वेळा आजी पुढे होऊन खोडावर हात ठेवून म्हणाली, "नको रे तोडू, यंदा देईल. गोड देईल. मी सांगते ना, देईल." तिसऱ्या वेळी तिने खोडावरचा हात लवकर उचलला नाही. मग तिने बरोबर आणलेला पेंढ्याचा वेढ खोडाला बांधला.

"चुकलं माझं, आजी," मी म्हटलं.

"नुसतं चुकलं म्हणून भागत नाही. आजच्या दिवशी शब्द बाहेर पडलाय. काहीतरी तोडलंच पाहिजे, नाहीतर वर्षभर तो माझ्या अंगणात फिरत राहील." तिने वर बघितलं. खुराड्याच्या बरोबर वर, बरीच उंच, एक वाळकी फांदी होती. "ती तोड रे वल्को. ती वाळलीच आहे. शब्द ती घेऊन गेला तर झाडालाही वाईट वाटणार नाही."

"आत्ता काढतो," वल्को म्हणाला. जिवंत झाडावर काटे घालून चढत नाहीत, खोडाला जखमा होतात. त्याने ते सोडले. छर्ऱ्यांची पिशवी घेतली, दोन पायांमध्ये झुलवली आणि सोडली. पहिल्याच फेकीत ती हव्या त्या खाचेतून पलीकडे गेली. खांद्याचं काम होतं, खांदे त्याचे अजून शाबूत होते. त्याने नारिंगी दोर वर ओढून घेतला आणि तो त्या काळ्या झाडावरून लोंबायला लागला.

आजी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. माझ्यावरचा राग बहुधा गेला होता.

"देणार नाहीये ते," ती हळूच म्हणाली, झाडाकडे पाठ करून. "मला ठाऊक आहे. कधी एक नासपती दिलेली नाही त्याने. लाल्यो दरवर्षी म्हणायचा, हे काढू, इथे चेरी लावू. तो कुऱ्हाड उगारायचा ना, ती थट्टा नसायची गं. मी एकदा गप्प बसले असते तर त्याने तोडलं असतं. आतापर्यंत चेऱ्या खाल्ल्या असत्या आम्ही दोघांनी. पण त्याने कुऱ्हाड उचलली की मी आडवी यायची. नको तोडू, नको तोडू. गप्प बसायला जमलंच नाही मला." मग तिने मान वळवून वल्कोकडे पाहिलं आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "चढेल ना गं हा? गारठा फार आहे."

"चढेल हो" हे माझ्या दातांपर्यंत आलं होतं. तिचं वाक्य संपायच्या आत आलं होतं, नेहमीसारखं. तिथेच ते अडलं. मी काय बोलते याकडे मी किती दिवसांत बघितलंच नव्हतं. मघाशी "तोड" म्हणाले तेही असंच, आणि सगळा हिवाळा हेच चाललं होतं.

आजी उत्तराची वाट बघत होती. मी वल्कोच्या हातांकडे बघत राहिले.

वल्कोने हातमोजे काढले. दुसऱ्या पेरापर्यंत बोटं पांढरी झाली होती. त्याने त्यांवर फुंकर मारली, मांडीवर आपटली, मग कडी घेऊन दोराच्या गाठीत अडकवायला लागला. एकदा निसटली. परत घेतली. पट्ट्यावरच्या दुसऱ्या कडीला लागून कुठेतरी खट् वाजलं.

"झालं," तो म्हणाला, आणि दोन्ही हातांनी दोर धरून पाय खोडावर ठेवला. मग नेहमीप्रमाणे आभाळाकडे बघत थांबला. माझी तपासायची वेळ झाली होती.

मी पुढे झाले. माझे हात माझ्याआधीच निघाले होते. मी ते कोटाच्या खिशांत घातले आणि नुसतं वाकून बघितलं.

"वल्को, कडी उघडी आहे."

तो आभाळाकडेच बघत होता. "लागली. आवाज आला."

"आवाज दुसऱ्या कडीचा होता. ही उघडी आहे."

त्याने अंगठा बोंडावर फिरवला. पुन्हा फिरवला. मला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, की त्याला काही कळत नाहीये. शेवटी त्याला मान वाकवून डोळ्यांनी बघावं लागलं. बघितलं. मग पुन्हा लावायचा प्रयत्न केला, आणि पुन्हा.

"अगं लाव की त्याची," दोचो कुंपणावरून म्हणाला. "बघत काय राहिलीस?"

खिशात माझ्या मुठी वळल्या होत्या. मला इतकी लाज वाटत होती, त्याच्यासाठी आणि माझ्यासाठीही, की जमिनीने पोटात घ्यावं. लोकांसमोर नवऱ्याला उघडं पाडणारी बाई मला कधीच आवडली नाही.

"त्सोना," वल्को अगदी हळू म्हणाला, "तपास ना."

"तपासली," मी म्हटलं. "उघडी आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. आधी त्या नजरेत राग होता. मग तो राग कुठे ठेवावा हे त्याला कळेनासं झालं असावं. दोचोनेही पेला खाली केला आणि कोंबड्यांकडे बघायला लागला. वल्कोने दोर सोडला, खोडावरचा पाय खाली घेतला, मांड्यांचे पट्टे ढिले करून पायांतून काढले. हेल्मेट काढून बर्फावर ठेवलं. मग नारिंगी दोर खाली ओढला. तो सरसरत आला आणि त्याच्या पायांशी पडला. सवयीने त्याने तो नीट, सारख्या वेटोळ्यांत गुंडाळला, आणि ती गुंडाळी नेऊन ओंडक्यावर ठेवली.

"अरे, नवा आहे तो!" आजी म्हणाली. "दे कुणाला तरी. टाकून कशाला देतोस?"

"नवा असेपर्यंत हात शिवशिवणार, आजी. आणि तुम्हाला काहीतरी तोडून हवं होतं ना?"

त्याने कुऱ्हाड उचलली. कुऱ्हाडीचा दांडा जाड असतो, तो त्याला अजून नीट धरता येतो. उगारून तो थांबला आणि त्याने माझ्याकडे वळून बघितलं. मघाशी त्याने झाडाला विचारलं होतं; मला विचारलेला हा प्रश्न मान वर न करता ऐकू आला तो एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"तोडू का?"

आजीने मला कोपराने ढोसलं. "बोल ना गं! नको तोडू म्हण. एकदा तरी म्हण."

मला म्हणायचं होतं. मी खोटं सांगत नाही, ते माझ्या घशापर्यंत आलं होतं. तो दोर त्याने गालाला लावलेला मी बघितला होता. वर गेला की हा माणूस वेगळाच होतो, हलका होतो, झाडाच्या शेंड्यात बसून शीळ घालतो, आणि खाली उभं राहून ते ऐकणं मला किती आवडायचं हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही. ओरडून सांगावं लागलं असतं म्हणून नसेल सांगितलं.

मी नजर फिरवली. माणूस नव्हतं, कुत्रं नव्हतं, तार नव्हती, छप्पर लांब होतं.

"तोड," मी म्हटलं.

चांगला दोर सहजासहजी तुटत नाही. कुऱ्हाड उसळत होती. पुष्कळ घाव घालावे लागले आणि शेवटी वल्को धापा टाकत ओंडक्याला टेकून बसला. आजीने पुढे होऊन बर्फातला एक तुकडा उचलला, झाडापाशी गेली आणि पेंढ्याच्या वेढावरून तोही खोडाला बांधला. आता कसं घाबरेल, असं काहीतरी पुटपुटली. दोचोने पेला पुन्हा भरून कुंपणावरून पुढे केला. वल्कोने तो दोन्ही हातांनी धरला.

परत येताना व्हॅन मी चालवली. घरी येऊन मी घेवडा गरम केला, पाव काढला, मेणबत्ती लावली. पदार्थ अजून सम होते. वल्को हात धुऊन आला, कपाट उघडून उभा राहिला, आणि मिरच्यांच्या लोणच्याची ती बरणी काढून त्याने माझ्यापुढे ठेवली.

"उघड," तो म्हणाला. मी उघडून दिली.